‘म्हणे’ गळतं तिथून प्रचार सुरू होतो

खानापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हुकूमशाहीत सगळे एका सुरात बोलतात ते कळतं. पण आपल्याकडे निवडून आलेलं सरकार आहे, विरोधी पक्ष आहे, कोर्ट आहे, मराठी, कन्नड, हिंदी धरून ढीगभर वाहिन्या आहेत. तरी लढाई पेटली की दोन दिवसांत घरात, गल्लीत, ऑफिसात सगळे एकच वाक्य बोलू लागतात. हे घडतं कसं? आणि गल्लीच्या ग्रुपवर जे येतं त्यातलं काय खरं मानायचं?

मराठीत ‘म्हणे’ हा फार कामाचा शब्द आहे. ‘कराचीवर हल्ला झाला’ आणि ‘कराचीवर हल्ला झाला म्हणे’ यांत एकाच शब्दाचा फरक. पण दुसऱ्या वाक्यात बोलणारा प्रामाणिकपणे सांगतो की मी पाहिलेलं नाही, माझ्या कानावर आलंय. लोकशाही देशांतला युद्धकाळातला प्रचार मुख्यतः हा शब्द गळण्यातून तयार होतो. हुकूमशाहीत एक कार्यालय मजकूर लिहितं आणि बाकीचे तो छापतात. लोकशाहीत कुठूनतरी अर्धीमुर्धी माहिती सुटते आणि वीस स्वतंत्र हातांतून फिरते. त्यातला जो तो आपापल्या कारणाने ‘म्हणे’ पुसतो. कोणाला घाई असते, कोणाच्या छातीत देशप्रेम दाटलेलं असतं, कोणाला टीआरपी हवा असतो, कोणाचं भाषांतर कच्चं असतं. म्हणूनच एकाला पकडून जाब विचारता येत नाही.

सीमाभागात हे हात जास्त आहेत, कारण आपल्याकडे बातमी तीन भाषांतून येते. एक कल्पित साखळी धरून पाहू. रात्री साडेदहाला दिल्लीत एक अधिकारी पत्रकाराला खासगीत सांगतो, ‘नौदल तयारीत आहे.’ हिंदी वाहिनीच्या पट्टीवर येतं, ‘सूत्र: नौसेना ऐक्शन में’. कन्नड वाहिनी तीच पट्टी उचलते. ‘मूलगळ प्रकार’, म्हणजे सूत्रांनुसार, हे दोन शब्द पट्टीत मावत नाहीत म्हणून जातात. ती पट्टी पाहून मराठी पोर्टलवरचा मुलगा मथळा देतो, ‘नौदलाचा हल्ला सुरू’. पाऊण तासात बेळगावच्या टिळकवाडीतल्या ग्रुपवर येतं, ‘कराची संपली, जय हिंद’. यात ठरवून खोटं कोणीच बोललेलं नाही. ‘तयारीत’ची ‘ॲक्शन’ झाली, ‘ॲक्शन’चा ‘हल्ला’ झाला आणि ‘हल्ल्या’चा ‘नाश’ झाला. भाषा बदलताना आधी क्रियापद फुगतं, मग ‘दावा’, ‘कथित’, ‘समजते’ हे शब्द गळतात आणि सगळ्यात शेवटी सांगणाऱ्याचं नाव जातं. माझ्या मते सगळ्यात मोठी हानी या शेवटच्या गळतीने होते. नाव गेलं की तपासायला जायचं कोणाकडे?

साखळी कल्पित असली तरी 8 मे 2025 च्या रात्री घडलेलं यापासून दूर नव्हतं. ऑपरेशन सिंदूर आदल्या दिवशी सुरू झालं होतं. त्या रात्री अनेक राष्ट्रीय वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. 11 मे रोजी तिन्ही दलांच्या पत्रकार परिषदेत नौदलाने सांगितलं की कराचीसह ठरवलेल्या लक्ष्यांवर मारा करण्याच्या पूर्ण तयारीत ते समुद्रात होतं. तयारीत होतं. मारा झाला नव्हता. पण तोवर तीन दिवस उलटले होते, आणि त्या तीन दिवसांत ज्यांनी पेढे वाटले ते ही पत्रकार परिषद ऐकायला बसलेले नव्हते.

एका शब्दाने केवढं होतं, याचं जुनं आणि भयंकर उदाहरण पहिल्या महायुद्धातलं आहे. एप्रिल 1917 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ आणि ‘डेली मेल’ने बातमी दिली की जर्मन सैन्य आपल्याच मेलेल्या सैनिकांची प्रेतं आघाडीमागच्या कारखान्यात नेऊन उकळतं आणि त्यांची चरबी काढतं. बातमीच्या मुळाशी एका जर्मन वार्ताहराचा चार ओळींचा मजकूर होता, आणि त्यात ‘काडाव्हर’ हा शब्द होता. जर्मनमध्ये त्याचा अर्थ जनावराचं मढं. इंग्रजीत त्याच्याशी जुळणारा शब्द माणसाच्या प्रेताला वापरतात. जनावरांची मढी उकळून चरबी काढणारा कारखाना भाषांतरात माणसांचा झाला. पार्लमेंटमध्ये प्रश्न आला तेव्हा सरकारतर्फे लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांनी जे उत्तर दिलं ते मी प्रत्येक नव्या वार्ताहराला शिकवलं जावं अशा मताचा आहे. आशय असा: जर्मन वर्तमानपत्रांतल्या मजकुरापलीकडे सरकारकडे माहिती नाही, पण जर्मन लष्कराची इतर कृत्यं पाहता यात अशक्य वाटावं असं काही नाही. पहिलं अर्ध वाक्य खरं. दुसऱ्या अर्ध्याने अफवेला सरकारी शिक्का मिळाला. सरकारने खोटं सांगितलं असं म्हणता येत नाही, आणि लोक मात्र खोटं खरं मानून घरी गेले.

डिसेंबर 1925 मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी या गोष्टीला आधार नसल्याचं पार्लमेंटमध्ये मान्य केलं. हिशेब तिथे मिटला नाही. 1942 मध्ये नाझी ज्यूंची सरसकट कत्तल करत असल्याच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा लंडन-वॉशिंग्टनमधल्या कित्येकांनी मागचा अनुभव आठवून त्याकडे संशयाने पाहिलं. ‘आपल्याच बाजूचं खोटं आहे, चालून जाऊ दे’ असं म्हणणाऱ्याला मी एवढंच दाखवतो. त्या खोट्याची किंमत पुढच्या पिढीतल्या खऱ्या बळींनी मोजली.

अमेरिकेचं उदाहरण सीमाभागातल्या मराठी माणसाने वेगळ्या कारणासाठी वाचावं. वुड्रो विल्सन 1916 ची निवडणूक ‘त्यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ या घोषणेवर जिंकले आणि एप्रिल 1917 मध्ये देश युद्धात उतरला. जनमत वळवण्यासाठी लगेच जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली समिती नेमली गेली. तिचं सगळ्यात कल्पक काम म्हणजे चार मिनिटांचे वक्ते. सिनेमागृहात रीळ बदलायला साधारण चार मिनिटं लागत. तेवढ्या वेळात गावातलाच ओळखीचा माणूस, म्हणजे शिक्षक, वकील, दुकानदार, उभा राहून बोलायचा. मुद्दे वॉशिंग्टनहून छापील पत्रकात यायचे, शब्द आणि तोंड गावचं असायचं. असे सुमारे 75,000 वक्ते होते. दिल्लीच्या माणसापेक्षा आपल्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांचं किंवा हायस्कूलच्या सरांचं म्हणणं लवकर पटतं, हे तेव्हाच कोणीतरी पुरतं ओळखलेलं होतं. आज तेच काम फॉरवर्ड करतं. मजकूर कुठला का असेना, पाठवणारा मामा असतो.

त्याच लाटेत जर्मन बोलणारे अमेरिकी नागरिक संशयित ठरले. शाळांतून जर्मन काढली गेली. 5 एप्रिल 1918 रोजी इलिनॉय राज्यात रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने झाडाला लटकवून मारलं. युद्ध संपल्यावरही, 1919 मध्ये, नेब्रास्का राज्याने लहान मुलांना इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवायला बंदी करणारा कायदा केला. तो रद्द व्हायला 1923 उजाडलं, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. शाळेची भाषा हा विषय आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. युद्धाचा प्रचार बाहेरच्या शत्रूवर सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत घरातल्या अल्पसंख्याकाच्या दारात येऊन उभा राहतो. ती अल्पसंख्या धर्माची असेल, भाषेची असेल.

हे बेळगाव जिल्ह्याने अगदी जवळून पाहिलंय. ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचं सासर गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरचं. मे 2025 च्या मध्याला एक्सवर पोस्ट आली की त्यांच्या घरावर हल्ला झाला, तोही एका संघटनेच्या नावावर. जिल्हा पोलिसांनी ही पोस्ट धादांत खोटी असल्याचं जाहीर केलं आणि घराला बंदोबस्त दिला. पोस्ट टाकणारा परदेशात असावा, असं पोलिसांनी सांगितलं. या पोस्टची बनावट बारकाईने पाहा. नाव खरं, गाव खरं, नातं खरं. फक्त घटना खोटी. चांगलं बनवलेलं खोटं असंच असतं, चारातले तीन धागे अस्सल. तपासणारा पहिले तीन तपासतो, ते जुळतात, आणि चौथा विश्वासावर सोडून देतो. गोकाकमध्ये एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तो फोन करण्याआधी ती पोस्ट पुढे ढकलणारे दोन्ही बाजूंचे होते, एक बाजू संतापून आणि दुसरी बाजू घाबरून.

आता प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे. विरोधी पक्ष आणि पत्रकार असताना हे थांबत का नाही? कारण पहिल्या काही दिवसांत तेही त्याच गर्दीत असतात. गॅलप या अमेरिकी जनमत चाचणी संस्थेच्या पाहण्यांत अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कामाला पसंती सप्टेंबर 2001 च्या सुरुवातीला 51 टक्के होती, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत 90 टक्के झाली. त्या दोन आठवड्यांत त्यांच्या कारभारात काही सुधारलेलं नव्हतं. संकटात माणूस झेंड्याजवळ गोळा होतो, हे नैसर्गिक आहे आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. अडचण अशी की याच दिवसांत मोठे निर्णय होतात. 4 ऑगस्ट 1964 रोजी व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी नौकांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं. 7 ऑगस्टला प्रतिनिधीगृहाने 416 विरुद्ध 0 आणि सिनेटने 88 विरुद्ध 2 मतांनी अध्यक्षांना मोकळा हात दिला. दुसरा हल्ला झालाच नव्हता. त्याची कागदपत्रं सरकारने खुली केली 2005 मध्ये. मंजुरीला तीन दिवस लागले, उलगड्याला एकेचाळीस वर्षं.

जाणूनबुजून केलेल्या प्रचाराची कार्यपद्धती पाहायची तर 10 ऑक्टोबर 1990 ची वॉशिंग्टनमधली सुनावणी पाहावी. इराकने कुवेत बळकावून दोन महिने झाले होते. पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी, फक्त ‘नायिरा’ या नावाने, रडत सांगते की इराकी सैनिकांनी इस्पितळात शिरून काचेच्या पेट्यांतली बाळं थंड फरशीवर टाकली. आडनाव घरच्यांच्या सुरक्षेसाठी लपवलंय, असं सांगण्यात आलं. सुनावणी संसदेच्या इमारतीत होती, पण भरवणारा गट संसदेची अधिकृत समिती नव्हता. त्यामुळे शपथेवर खोटं बोलण्याचा गुन्हा तिथे लागू होत नव्हता, आणि टीव्हीवर पाहणाऱ्याला हा फरक दिसणं शक्यच नव्हतं. साक्षीची तयारी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने करून घेतली होती आणि कंपनीचं बिल कुवेत सरकारच्या पैशातून जात होतं. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने डिसेंबरमध्ये 312 बाळांचा आकडा दिला. तेव्हाचे अध्यक्ष, म्हणजे थोरले बुश, यांनी ही गोष्ट भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितली. 12 जानेवारी 1991 ला सिनेटने युद्धाला 52 विरुद्ध 47 मतांनी मंजुरी दिली. एप्रिलमध्ये ॲम्नेस्टीने आपला आकडा मागे घेतला. जानेवारी 1992 मध्ये उघड झालं की ही मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांची कन्या होती. इराकी सैन्याने कुवेतमध्ये खरे अत्याचार केले होते, त्यांचे पुरावेही होते. पण खरे अत्याचार गुंतागुंतीचे असतात, आणि एक बाळ एका वाक्यात मावतं.

या प्रकरणात तपासाची एकच किल्ली होती आणि ती पहिल्या दिवसापासून समोर होती. साक्षीदाराचं आडनाव का लपवलंय, आणि ही सुनावणी नेमकी कोणाची? हे दोन प्रश्न विचारायला इंटरनेट लागत नव्हतं.

इराकच्या दुसऱ्या युद्धाआधी एक वेगळी चलाखी दिसली. 8 सप्टेंबर 2002 च्या रविवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने, नाव न सांगणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हवाल्याने, इराक अण्वस्त्रांसाठी ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवत असल्याचं छापलं. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि त्यांनी या बातमीचा दाखला दिला. सरकारची माहिती वर्तमानपत्रात गेली आणि वर्तमानपत्राचा पुरावा होऊन सरकारकडे परत आली. पाहणाऱ्याला दोन स्वतंत्र साक्षीदार दिसले, प्रत्यक्षात एकच होता. नळ्या रॉकेटसाठी निघाल्या, अण्वस्त्रं सापडली नाहीत. 26 मे 2004 ला त्या वर्तमानपत्राने आपल्या वार्तांकनातल्या चुका स्वतः छापून मान्य केल्या. आपल्या गावापुरता याचा धडा असा की दहा वाहिन्या एकाच वृत्तसंस्थेच्या किंवा एकाच ‘सूत्रा’च्या आधारावर बोलत असतील तर तो साक्षीदार एकच मोजावा.

इथे सरकारची बाजूही नीट सांगायला हवी, कारण बेळगाव हे छावणीचं गाव आहे. मराठा सेंटर आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि जिल्ह्यात गावागावांत फौजी घरं आहेत. लष्कराने सगळं सांगावं अशी मागणी मी कधीच करणार नाही. 26/11 ला मुंबईत कारवाईचं थेट प्रक्षेपण चालू होतं आणि ते पाहून पलीकडचे सूत्रधार अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कसाब खटल्याच्या निकालात वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. आता केबल टेलिव्हिजनच्या नियमांत, 6(1)(पी) मध्ये, अतिरेकीविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद आहे. कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने माहिती देतो. हा नियम योग्य आहे.

न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं, हे भान सुटलं की दोन्हीकडून गफलत होते. 11 मे 2025 ला विमानांच्या हानीबद्दल विचारल्यावर एअर मार्शल ए. के. भारती म्हणाले की नुकसान हा लढाईचा भाग असतो, तपशील आता देणार नाही, आपले सर्व वैमानिक परतले आहेत. 31 मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही. याला मी अपप्रचार म्हणणार नाही. हे राखून ठेवणं होतं. पण मधल्या वीस दिवसांत ज्या वाहिन्यांनी आणि ग्रुपांनी ‘आपलं काहीच नुकसान नाही’ असं छातीठोक सांगितलं, ते लष्कराने सांगितलेलंच नव्हतं. गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालण्याचा हा प्रकार होता, आणि त्यात लष्कराचीच विश्वासार्हता पणाला लागते.

लोकशाहीची खरी कसोटी नंतर लागते. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल, काही भाग झाकून, फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत ठेवला गेला. 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. तरी 1962 मध्येच, युद्ध चालू असताना, 8 नोव्हेंबरला संसद बोलावून सरकारवर सडकून टीका झाली होती, हे विसरू नये. युद्धात प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह, ही समजूत आपल्या स्वतःच्या इतिहासात बसत नाही.

आता हातात फोन घेऊन करायचं काम.

व्हॉट्सॲपवर मजकुराच्या वर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ असं दिसलं तर तो किमान पाच हातांतून आलेला असतो. म्हणजे पाठवणारा साक्षीदार नाही, हे तिथेच सिद्ध झालं. व्हिडिओ असेल तर तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या: सुरुवात, सगळ्यात उजेडाचा क्षण आणि शेवट. तिन्ही गुगल लेन्समध्ये टाका. काही मिळालं नाही तर चित्र आरशासारखं उलटवून पुन्हा टाका, कारण ओळखू येऊ नये म्हणून व्हिडिओ उलटवण्याची युक्ती जुनी आहे. मे 2025 मध्ये बैरूतच्या 2020 च्या स्फोटाचा व्हिडिओ भारतावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून फिरला, आणि तो या एका पायरीत पकडता येत होता.

मग आवाज ऐका. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला जवळपास तीन सेकंद. क्षितिजावर, दोन-तीन किलोमीटरवर झगमगाट दिसला आणि धमाका त्याच क्षणी ऐकू आला, तर आवाज नंतर चिकटवलाय किंवा तो व्हिडिओ गेममधला आहे. ‘आर्मा 3’ या गेमचे तुकडे गेली काही वर्षं जगभरच्या युद्धांत खरे म्हणून फिरतात. ते बनवणाऱ्या कंपनीनेच 2022 मध्ये ओळखायच्या खुणा सांगितल्या: चित्र अस्पष्ट, कॅमेरा मुद्दाम हलणारा, काळोख, बहुधा आवाज नाही आणि माणसं चालताना दिसत नाहीत. शेवटच्या दोन खुणा सगळ्यात भरवशाच्या. खऱ्या शहरात धमाका झाला की माणसं पळतात, कोणीतरी ओरडतं, कुत्री भुंकतात, गाड्यांचे अलार्म वाजतात.

उजेडही तपासा. मे महिन्यात जैसलमेरला सूर्य बेळगावपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने उशिरा मावळतो. ‘संध्याकाळी सव्वासातला जैसलमेर’ म्हणून आलेल्या चित्रात मिट्ट काळोख असेल तर वेळ किंवा गाव, दोहोंपैकी एक खोटं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, पोलिसांच्या गणवेशाचा रंग हे पाहायला कोणतंही ॲप लागत नाही. फोटोतली तारीख-जागेची माहिती व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की पुसली जाते, म्हणून ती शोधत बसू नका. मूळ पाठवणारा सापडला तर त्याला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

पीआयबीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा, तथ्यतपासणी विभाग उपयोगी आहे, विशेषतः परदेशातून सुटलेल्या बनावट व्हिडिओंसाठी. पण तो सरकारचा आहे, हे लक्षात ठेवून वापरा. सरकारविषयी काय खरं हे सरकारच्याच यंत्रणेने ठरवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केली, ती याच कारणासाठी.

खोटं निघाल्यावर ते दुरुस्त कसं करायचं, यात बहुतेक ग्रुप ॲडमिन चुकतात. ‘कराची उद्ध्वस्त ही बातमी खोटी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं की ‘कराची उद्ध्वस्त’ पुन्हा एकदा वाचलं जातं. वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रात 1977 पासून प्रयोगांनी दाखवलेलं आहे. म्हणून आधी खरं लिहा: ‘नौदल तयारीत होतं, कराचीवर मारा झाला नाही.’ मग एकदाच, लहान अक्षरांत, कोणता मजकूर चुकीचा होता ते. शेवटी कोणी, कोणत्या तारखेला सांगितलं ते नावासह. आणि हे त्याच ग्रुपवर, त्याच मूळ मेसेजला रिप्लाय करून. दुसरीकडे स्टेटसला टाकून उपयोग नाही, ज्यांनी पहिलं वाचलं त्यांच्यापर्यंत ते जातच नाही. ज्याने पाठवलं त्याला मात्र आधी खासगीत सांगा. चारचौघांत पाडून बोललं की माणूस बातमीऐवजी स्वतःची बाजू लढवू लागतो.

हे दोन प्रकारचे मजकूर तपासतही बसू नका, थेट काढून टाका. एक, छावणीतून किंवा स्टेशनातून निघालेल्या तुकडीचे फोटो, कितीही अभिमान वाटला तरी. दुसरा, जखमी किंवा हुतात्मा जवानाचं नाव. पलटणीकडून घरी निरोप जायच्या आधी ग्रुपवर नाव फिरलं तर चंदगडपासून चिकोडीपर्यंत त्या नावाची, त्या आडनावाची जेवढी फौजी घरं आहेत तेवढ्या घरांत चूल पेटत नाही. नाव खरं असो की खोटं, त्या घरांच्या दाराशी उभं राहून विचार करा.

आणि एक वही ठेवा. शाळकरी, दोनशे पानी. पाच रकाने: तारीख आणि वेळ, दावा जसाच्या तसा, कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, पुढे काय झालं. पाचवा रिकामा ठेवायचा. दिवसाला चार-पाचच दावे घ्या, जास्त घेतले तर तिसऱ्या दिवशी वही सुटते. दोन्ही देशांचे घ्या, आपल्याला आवडलेले आधी घ्या. पहिली नजर चोवीस तासांनी, कारण पूर्ण बनावट मजकूर बहुधा तेवढ्यात उघडा पडतो. दुसरी आठवड्याने, तोवर अधिकृत पत्रकार परिषदा झालेल्या असतात. तिसरी सहा आठवड्यांनी, तेव्हा राखून ठेवलेलं थोडंफार बाहेर येऊ लागतं. तिसरा रकाना ज्या ओळीत भरता आला नाही, म्हणजे सांगणाऱ्याचं नावच मिळालं नाही, आणि पाचवाही सहा आठवड्यांनी रिकामाच आहे, त्या ओळीतल्या दाव्यापुढे पेनाने ‘म्हणे’ लिहून ठेवा.